न हटणारा खोकला आणि दमा

पडसे झाले की खोकला येतो, आठदहा दिवस राहतो आणि जातो. हा अनुभव घरोघरी इतका परिचयाचा आहे की त्याची कोणी फारशी चिंता करीत नाही. आल्याचा रस व मध, तुळशीचा काढा, हळद घातलेले दूध ह्यांवर भागते. आणि नाही भागले तरी खोकला आपल्या वेळेने जातोच. परंतु कधी कधी असे होते की पडसे जाते, ताप जातो, भूक पूर्ववत लागते, आणि खोकला तेवढा मागे राहतो. दोन आठवडे लोटतात, महिना लोटतो. दिवसा विशेष काही जाणवत नाही. पहाटे तीन-चारच्या सुमारास मात्र ढास लागते आणि घरातील सारी माणसे जागी होतात.

समजा, अशी ढास अकरा वर्षांच्या एका मुलीला लागत आहे. वर्गात ती ठीक असते; मधल्या सुट्टीत धावाधाव झाली की खोकू लागते. उदबत्तीचा धूर, मिरचीची फोडणी, थंड वारा, इतकेच काय पण खदखदून हसणे ह्यांनीही तिला उबळ येते. तिला खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या पाजून झाल्या आहेत, प्रतिजैविकांच्या गोळ्या दोनदा देऊन झाल्या आहेत. सकाळी दहा वाजता दवाखान्यात नेली की डॉक्टर छातीला नळी लावतात आणि म्हणतात, “छाती तर साफ आहे.” आणि त्या वेळी ती खरोखरच साफ असते.

अशा मुलीला दमा असू शकेल काय? हा प्रश्न घरच्यांना सहसा सुचत नाही. दमा म्हटला की धापा टाकणारा, उशांना टेकून रात्र काढणारा, छातीतून शीळ वाजणारा म्हातारा मनुष्य त्यांच्या डोळ्यांपुढे येतो. आणि सुचला तरी तो कोणी बोलून दाखवीत नाही. मुलीच्या नावापुढे ‘दमेकरी’ हा शब्द लागू नये अशी आईबापांची इच्छा असते. वरील प्रश्नाचे उत्तर मात्र ‘असू शकेल’ असेच आहे. ते ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे निश्चित कसे करावे आणि पुढे काय करावे, ह्याचा विचार ह्या पुस्तिकेत केला आहे.

खोकला कसा येतो

घशापासून फुप्फुसांच्या आतपर्यंत गेलेल्या श्वासमार्गाच्या अस्तरात अतिशय संवेदनक्षम अशी मज्जातंतूंची टोके पसरलेली असतात. धूळ, धूर, कफ किंवा अन्नाचा कण त्यांना लागला की संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाकडे जातो. तेथून हुकूम सुटतो : प्रथम खोल श्वास घेतला जातो, मग स्वरयंत्राचे दार घट्ट मिटते, पोटाचे व छातीचे स्नायू आवळून आतील हवेवर दाब आणतात, आणि दार एकाएकी उघडताच हवा मोठ्या वेगाने बाहेर फेकली जाते. हे सारे क्षणार्धात घडते. श्वासमार्ग स्वच्छ राखणारी ही उत्तम व्यवस्था आहे, आणि म्हणूनच खोकला केवळ दाबून टाकणे हे नेहमीच शहाणपणाचे नसते. घंटा का वाजते हे पाहण्याऐवजी घंटेत बोळा कोंबण्यासारखे ते होईल.

दम्यात हीच टोके प्रमाणाबाहेर चिडखोर झालेली असतात. श्वासनलिकांच्या अस्तराला दीर्घकाळ सौम्य दाह झालेला असतो, त्यामुळे अस्तर सुजते, चिकट कफ अधिक पाझरतो, आणि नलिकांभोवती कड्यांसारखे वेढलेले स्नायू थोड्याशा निमित्ताने आवळतात. दुसऱ्यांना ज्या धुराने नुसता ठसका लागेल, त्याने दमेकऱ्याच्या नलिका अरुंद होतात.

नलिका थोडी अरुंद झाल्याने एवढे काय बिघडते, अशी शंका येईल. येथे भौतिकीतील एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. नळीतून शांतपणे वाहणाऱ्या द्रव-वायूंना होणारा अडथळा त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, असे प्वाझय ह्या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा सोळापट वाढतो. आणि ती केवळ पाचव्या हिश्श्याने घटली तरी अडथळा जवळजवळ अडीचपट होतो. मोठ्या नलिकांत हवा भोवरे घेत वाहते, त्यामुळे हा हिशेब तेथे तंतोतंत लागू पडत नाही; परंतु किंचित सूज व किंचित आवळण ह्यांनी माणूस का बेजार होतो ते त्यावरून कळते.

आता पहाटेची वेळच का? आपल्या शरीराचे व्यवहार दिवसभर एका पातळीवर चालत नाहीत. दाह आवरून धरणारे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, आणि श्वासनलिका आवळणाऱ्या मज्जातंतूंचा जोर रात्री वाढतो. निरोगी माणसाच्याही नलिका पहाटे चारच्या सुमारास थोड्या अरुंद होतात. त्याला ते जाणवत नाही इतकेच. दमेकऱ्यात ही घट मोठी असते. म्हणून पहाटेचा खोकला हा दम्याचा एक महत्त्वाचा सुगावा मानला जातो.

ज्या दम्यात धाप नाही व शीळ नाही, केवळ खोकलाच आहे, अशा दम्याकडे वैद्यकाचे लक्ष तसे उशिरा गेले. १९७९ साली अमेरिकेतील कोराओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या छातीत घरघर नव्हती आणि श्वासाचे साधे मापनही ठीक होते. परंतु श्वासनलिका चेतवणारे द्रव्य हुंगवून पाहताच त्यांच्या नलिका दमेकऱ्यांप्रमाणे आवळल्या, आणि दम्याच्या औषधांनी त्यांचा खोकला थांबला. अशा रोग्यांपैकी काहींना पुढे नेहमीचा, धाप लागणारा दमा जडतो. ‘नुसता खोकलाच तर आहे’ असे म्हणून हा प्रकार सोडून देणे ह्याच कारणाने बरोबर नाही.

प्रथम क्षयाचा विचार

भारतात राहणाऱ्याने मात्र दम्याच्या आधी दुसरा एक प्रश्न सोडवला पाहिजे. दोन आठवडे वा अधिक टिकलेला खोकला हा क्षयाचा असू शकतो, आणि राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमानुसार अशा प्रत्येक माणसाच्या थुंकीची तपासणी व्हावयास हवी. ती सरकारी केंद्रांत विनामूल्य होते. आता रेण्वीय पद्धतीच्या यंत्राने क्षयजंतूंचा शोध सुमारे दोन तासांत लागतो. लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, तेव्हा डॉक्टर इतर मार्गांनी नमुना घेतात व छातीचा एक्स-रे काढतात. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम सुटणे, थुंकीत रक्त दिसणे किंवा घरात क्षयाचा रोगी असणे ह्यांपैकी काही असेल तर एक दिवसही दवडू नये.

ह्या बाबतीत आपल्या देशाच्या इतिहासातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. बंगळूर येथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिच्या वतीने बॅनर्जी व अँडरसन ह्यांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात, थुंकीत क्षयजंतू आढळलेल्या खेडुतांच्या मुलाखती घेतल्या. हा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. खेडूत अडाणी असल्याने आजार ओळखत नाहीत व दवाखान्यात येत नाहीत, असा तोवर सर्वत्र समज होता. प्रत्यक्षात बहुतेकांना आपल्या त्रासाची जाणीव होती, आणि सुमारे निम्मे रोगी सरकारी दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. तेथे त्यांना मिळाली ती खोकल्याच्या औषधाची बाटली! तेव्हा चूक खेडुतांची नव्हती. बाटली देऊन खोकल्याची बोळवण करण्याची ही रीत अद्याप पुरती गेलेली नाही. क्षयाच्या बाबतीत तिने जे नुकसान केले तेच ती दम्याच्या बाबतीतही करते.

रात्रीच्या खोकल्याचे आणखी एक कारण आपल्याच भूमीत उलगडले आहे. आज आंध्र प्रदेशात असलेल्या मदनपल्लीजवळच्या क्षयरोग आरोग्यधामात डॅनिश डॉक्टर फ्रिमोट-म्योलर व त्यांचे सहकारी बार्टन ह्यांना असे काही रोगी आढळले की त्यांची लक्षणे आणि एक्स-रेवरील ठिपके क्षयासारखे होते, परंतु थुंकीत क्षयजंतू सापडत नव्हते. त्यांच्या रक्तात मात्र इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी विलक्षण वाढलेल्या होत्या. ही हकीकत त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केली. १९४३ साली वाइनगार्टन ह्यांनी ह्या विकाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ असे नाव दिले. रात्रीचा खोकला आणि दम्यासारखी घरघर ही त्याची मुख्य लक्षणे होत. पुढे १९६० साली वेल्लोर येथील डॉक्टरांनी अशा रोग्यांच्या फुप्फुसांत हत्तीरोगाच्या कृमींची सूक्ष्म पिले दाखवून दिली, आणि कोडे सुटले. डासांवाटे शरीरात शिरलेल्या कृमींवर शरीर जी तीव्र प्रतिक्रिया देते तीतून हा खोकला उद्भवतो. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ह्या पेशी साधारणतः तीन हजारांच्या वर गेलेल्या असतात, आणि डायएथिलकार्बामाझिन ह्या औषधाच्या सुमारे तीन आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक रोगी बरे होतात. हत्तीरोगाच्या प्रदेशातील माणसाला केवळ दम्याची औषधे वर्षानुवर्षे देत राहणे म्हणजे खरा रोग तसाच ठेवणे होय. रक्ताची एक साधी तपासणी येथे निर्णायक ठरते.

इतर कारणांचा निर्देश थोडक्यात करतो. नाकातील स्राव घशात उतरल्याने, तसेच जठरातील आम्ल वर चढल्याने दीर्घकाळ खोकला राहतो. रक्तदाबावरील काही गोळ्यांनी (एनालॅप्रिल, रॅमिप्रिल इत्यादींनी) कोरडा खोकला येतो. गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगितल्यास ते ती बदलून देतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा आणि चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रीचा खोकला वेगळ्या, कायमच्या अडथळ्याचा असू शकतो. आणि लहान मूल खेळता खेळता एकाएकी खोकू लागले असेल तर शेंगदाणा किंवा मणी श्वासमार्गात अडकला नाही ना, हे तातडीने पाहावे लागते.

वही आणि नळी

क्षय नाही, कृमी नाहीत, एक्स-रे स्वच्छ आहे. आता दम्याचा निर्णय कसा करावा? ह्या रोगाचा खरा स्वभाव चढउताराचा आहे. तो पहाटे असतो आणि दहा वाजता नसतो. भाद्रपदात असतो आणि चैत्रात नसतो. दवाखान्यातील पाच मिनिटांत त्याला गाठणे अनेकदा अशक्य असते. डॉक्टर अपुरे पडतात ते ज्ञानात नव्हे. पहाटे तीन वाजता ते तेथे नसतात. तेथे आई असते. म्हणून दम्याच्या निदानात घरच्या माणसांनी ठेवलेल्या टिपणाला जी किंमत आहे ती फार थोड्या रोगांत असेल.

एक साधी वही घ्यावी. तीत दररोज लिहावे : रात्री खोकल्याने झोपमोड झाली काय व किती वाजता; दिवसा खोकला कशाने सुरू झाला; धावताना किंवा धावण्यानंतर आला काय; छाती आवळल्यासारखी वाटली काय; कोणते औषध घेतले आणि त्याने किती वेळात बरे वाटले. पडसे, धूर, पाऊस, घरातील रंगकाम, पाळीव मांजर, दिवाळीतील फटाके ह्यांची नोंदही करावी. दोन-तीन आठवड्यांची अशी वही पाहून अनुभवी डॉक्टरला पुष्कळ कळते.

ह्या वहीत आकडे भरण्याची सोय एका लहानशा उपकरणाने झाली आहे. फुप्फुसातील हवा मोजण्याचे पहिले उपयुक्त यंत्र इंग्लंडात हचिन्सन ह्यांनी १८४६ साली वर्णिले. परंतु ते मोठे आणि दवाखान्यातच ठेवण्याजोगे होते. १९५९ साली राइट व मॅकेरो ह्यांनी हवा किती वेगाने बाहेर फुंकता येते हे दाखवणारा मापक प्रसिद्ध केला, आणि पुढे त्याची हातात मावणारी, स्वस्त आवृत्ती निघाली. तिला पीक फ्लो मीटर म्हणतात. उभे राहून छाती भरून श्वास घ्यावा, नळी ओठांनी घट्ट धरावी आणि एका झटक्यात, जितक्या जोराने फुंकता येईल तितक्या जोराने फुंकावे. तीनदा फुंकून त्यांतील सर्वांत मोठा आकडा लिहावा. हे सकाळी उठल्याबरोबर, औषध घेण्यापूर्वी, आणि पुन्हा संध्याकाळी करावे.

समजा, आपल्या उदाहरणातील मुलीचा सकाळचा आकडा मिनिटाला २१० लिटर आणि संध्याकाळचा २८० लिटर आला. दोहोंतील फरक ७०, सरासरी २४५. म्हणजे त्या दिवसाचा चढउतार ७० भागिले २४५, अर्थात शेकडा सुमारे २९ झाला. असा हिशेब एकदोन आठवडे रोज करून त्याची सरासरी काढतात. मुलांत ती शेकडा १३ हून अधिक आणि प्रौढांत शेकडा १० हून अधिक असेल तर दम्याचा संशय बळावतो. सहावी-सातवीतील विद्यार्थ्याला हे गणित सहज येण्याजोगे आहे, आणि रोग्यानेच ते करावे हे उत्तम.

मोठ्या रुग्णालयात स्पायरोमेट्री नावाची अधिक बिनचूक चाचणी करतात. तीत पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजतात, मग नलिका सैल करणारे औषध हुंगवून पुन्हा मोजतात. प्रौढ माणसात हा आकडा शेकडा १२ ने आणि निदान २०० मिलिलिटरने वाढला तर नलिका आवळलेल्या होत्या व त्या सुटू शकतात हे सिद्ध होते. केवळ खोकल्याच्या दम्यात मात्र ही चाचणीही कित्येकदा निर्दोष येते. तेव्हा नलिका चेतवण्याची चाचणी, किंवा वहीवर नजर ठेवून काही आठवडे दम्याचे औषध देऊन पाहणे, हे दोन मार्ग उरतात. औषध देऊन पाहावयाचे तर ते अटीवर पाहिले पाहिजे : सहा-आठ आठवड्यांत खोकला स्पष्टपणे कमी झाला नाही, तर मात्रा वाढवीत बसण्याऐवजी निदानच पुन्हा तपासावे.

औषध कोणते आणि का

दम्याच्या औषधांत दोन निरनिराळी कामे करणारी औषधे आहेत, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळे फार हानी होते. एक आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. सालब्युटामॉल हे त्यांतील प्रमुख होय. दुसरे अस्तराचा दाह हळूहळू शमवते. ही हुंगावयाची स्टेरॉइडे होत. पहिल्याने लगेच बरे वाटते, म्हणून रोग्याला तेच खरे औषध वाटते. दुसऱ्याचा गुण यावयास दिवस, कधी आठवडे लागतात, म्हणून ते मध्येच सोडले जाते.

केवळ पहिल्यावर विसंबण्याचा धोका जगाने मोठी किंमत देऊन जाणला आहे. दाबताच मोजकी मात्रा सोडणारा फवारा, ज्याला आपल्याकडे ‘पंप’ म्हणतात, तो अमेरिकेत १९५६ साली विक्रीस आला. त्यामागे एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने विचारलेला प्रश्न होता असे सांगतात. पुढच्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले, आणि त्यांचा संबंध आयसोप्रिनालिनच्या तीव्र मात्रेच्या पंपांशी जोडला गेला. सालब्युटामॉल १९६९ साली आले, ते अधिक सुरक्षित होते. हुंगावयाचे स्टेरॉइड १९७२ साली मिळू लागले. तरीही स्नायू सैल करणारा पंप एकटाच वापरण्याची सवय गेली नाही. अखेर २०१९ साली ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ ह्या आंतरराष्ट्रीय मंडळाने, प्रौढांत व बारा वर्षांवरील मुलांत दम्यावर केवळ अशा पंपाने उपचार करू नयेत, दाहशामक स्टेरॉइड त्यासोबत असलेच पाहिजे, असा स्पष्ट सल्ला दिला. लहान मुलांच्या उपचारातही स्टेरॉइड हाच पाया आहे.

‘स्टेरॉइड’ आणि ‘पंप’ ह्या दोन शब्दांनी आपली माणसे घाबरतात. “एकदा पंप लागला की जन्मभर सुटत नाही,” असे शेजारी सांगतात. वास्तविक पंप लागत नसतो. दमा लागलेला असतो. बुडेसोनाइडची दिवसाची एक नेहमीची लहान मात्रा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या पाच मिलिग्रॅमच्या एका गोळीच्या वजनाच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकी असते. दोन्ही औषधांचे सामर्थ्य सारखे नाही हे खरे. परंतु हुंगलेले औषध थेट नलिकांवर पडते व सर्व शरीरात फार थोडे पसरते, हा भेद मोठा आहे. दोष मुळीच नाहीत असेही नाही. औषध घेतल्यावर चूळ न भरल्यास तोंडात बुरशी येऊ शकते. आणि लहानपणापासून नित्य घेतल्यास अखेरच्या उंचीत सुमारे एक सेंटिमीटर फरक पडू शकतो. ह्याच्या उलट बाजूला झोपमोड, बुडालेली शाळा आणि एखादा प्राणांतिक झटका आहे.

औषध नलिकांत पोचले तरच त्याचा उपयोग. फवाऱ्याचा पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग सावकाश व खोल श्वास घेत असतानाच तो दाबावा आणि दहा सेकंद श्वास रोखावा. मुलांना हा मेळ साधत नाही. त्यांच्यासाठी पंप व तोंड ह्यांच्यामध्ये स्पेसर नावाचे पोकळ भांडे जोडावे. आपल्याकडे कॅप्सूलमधील भुकटी हुंगण्याचे साधन पुष्कळ चालते. त्याची रीत नेमकी उलट आहे : तेथे श्वास जोराने व झपाट्याने ओढावा लागतो. रीत चुकल्याने औषध जिभेवर पडते आणि दोष मात्र औषधाला दिला जातो. म्हणून प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवावा.

खोकल्याच्या बाटलीविषयी येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दम्याच्या खोकल्यावर तिचा उपयोग नाही, आणि लहान मुलांत ती प्रसंगी घातक ठरते. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल ह्या विषारी द्रव्याने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने वीसांहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांपैकी बहुतेकांना साधे पडसे-खोकला झाला होता.

जुने उपाय

दमा आपल्या देशाला नवा नाही. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी पुष्कळ जुळते. धोत्र्याचा धूर ओढण्याचा भारतीय उपाय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून इंग्लंडात गेला, आणि तेथे शंभराहून अधिक वर्षे दम्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. त्यात तथ्य होते : धोत्र्यातील ॲट्रोपिन हे नलिका आवळणाऱ्या मज्जातंतूंचे काम रोखते, आणि त्याच घराण्यातील इप्राट्रोपियम आजही वापरतात. परंतु धोत्रा हे विष आहे. त्याची मात्रा पानागणिक बदलते आणि धूर स्वतःच दाह वाढवतो. तो उपाय आता कोणी करू नये.

हैदराबादेस मृगाच्या आरंभी औषध भरलेला जिवंत मासा गिळण्यासाठी हजारो लोक जमतात. कित्येक ठिकाणी कोजागरीच्या रात्री दुधातून वा खिरीतून दम्याचे औषध देतात. त्यांचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. तरी ‘मला उतार पडला’ असे सांगणारी माणसे खोटे बोलतात असेही मानण्याचे कारण नाही. चढउतार हा ज्या रोगाचा स्वभावच आहे त्यात, त्रास शिगेला पोचला असता काहीही घेतले तरी पुढील काही आठवड्यांत उतार पडण्याचा संभव असतो. म्हणूनच वहीतील आकडे हवेत. नुसत्या आठवणीला उतार कशाने पडला ते सांगता येत नाही.

घर आणि शाळा

घरात धूर होऊ न देणे हे पहिले काम : चूल, विडी, उदबत्ती, डासांची कॉइल, सर्व त्यात आले. हॉलंडमधील फोरहोर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवून दिले की घरच्या धुळीतील उपद्रवी अंश मुख्यतः माइट नावाच्या अतिसूक्ष्म जीवांपासून येतो. ते गाद्या, उशा, गोधड्या ह्यांत वाढतात, दमट हवेत अधिक. अभ्रे व चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात आणि गाद्यांना कडक ऊन द्यावे. एवढ्याने दमा जात नाही, परंतु औषधाचे ओझे हलके होते.

उपचार लागू पडून सुमारे तीन महिने वही स्वच्छ राहिली की डॉक्टर मात्रा पायरीपायरीने कमी करतात. ती स्वतः होऊन एकदम बंद करू नये. आणि ह्या काळातही पुढील चिन्हे दिसली तर रात्र असो वा दिवस, रोग्याला त्वरित रुग्णालयात न्यावे : एक वाक्य एका दमात बोलता न येणे, बरगड्यांमधील व गळ्याजवळील जागा श्वासागणिक आत ओढली जाणे, ओठ निळे पडणे, गुंगी येणे, किंवा घरघर चालू असता छाती एकाएकी निःशब्द होणे. हे शेवटचे चिन्ह सुधारणेचे समजून लोक फसतात. आत हवाच जात नसल्याने आवाज बंद झालेला असतो. वाहन येईपर्यंत रोग्याला बसवून ठेवावे आणि स्नायू सैल करणारा पंप स्पेसरमधून एकेक करून चार ते दहा वेळा द्यावा. गरज भासल्यास वीस मिनिटांनी पुन्हा तसेच करावे.

आपल्या उदाहरणातील मुलीला खेळाच्या तासाला बाजूला बसवण्याचे कारण नाही. दमा आटोक्यात असलेली मुले इतरांप्रमाणे धावू व पोहू शकतात. शिक्षकांनी तिला आरंभी दहा मिनिटे हळूहळू अंग तापवू द्यावे आणि थंड, धुळकट वाऱ्याच्या दिवशी नाकावर रुमाल बांधू द्यावा. तिचा पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात न ठेवता तिच्या दप्तरात असावा, आणि तो कसा द्यावयाचा हे वर्गशिक्षकांना व तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला ठाऊक असावे.